कोमलचं माप

आखाडा बाळापुरात कुणाचं काय चाललं हे बघायचं असंल तर दोनच जागा हायेत, एक बसस्टँड आन् दुसरं आमचं दुकान. दुकान म्हंजे रोडाला लागून पत्र्याचं शेड, आत दोन मशिनी. एक आमच्या ह्यांची, म्हंजे सटवाजी टेलरची, आन् एक माझी, चतुराबाईची. काज-बटण, तुरपाई, फॉल-पिको माझ्याकडं, आन् बोलायचं कामबी माझ्याकडंच. आमचे हे म्हंजे खाली मुंडी पाताळ धुंडी. तरुणपणापासून तोंडात टाचण्या धरायची सवय, आता टाचण्या नसल्या तरी तोंड उघडत न्हाई. माझ्या तोंडात मात्र तीळ भिजत न्हाई असं लोक म्हणतात, आन् लोक काही खोटं बोलत न्हाईत. तवा कोमलची गोष्ट मीच सांगते.

कोमल ही उकंडरावची लेक. हळद-सोयाबीनचं शेत, खाऊन-पिऊन सुखी घर. पोरगी चौथीपर्यंत चारचौघींसारखी वाढली आन् मग थांबली. नांदेडच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणला, हाडाचं हाय, बाकी पोरगी ठणठणीत हाय, उंची एवढीच राहणार, तुमी तिला शिकवा. उकंडरावनं ते ऐकलं पण मानलं न्हाई. दर दिवाळीला कापडाची पिशवी घेऊन दुकानात यायचा आन् म्हणायचा, "सटवाजी, बाळीचं वाढत्या मापाचं शिवा बरं का. आमच्यात उशिरा वाढतात."

आता वाढत्या मापाचं म्हंजे काय ते सांगते. लेकराचं अंग एका मापावर राहत न्हाई, म्हणून आमी झग्याच्या खाली आन् बाहीला कापड आत दुमडून ठेवतो. पुढच्या साली लेकरू वाढलं की एक टीप उसवायची, झगा खाली आला. गावातल्या समद्या लेकरांचे कपडे असेच शिवलेले. दुसऱ्या लेकरांच्या टिपा उसवून उसवून माझी बोटं दुखायची. कोमलच्या झग्याची एकबी टीप मी कधी उसवली न्हाई. कापड विरून जायचं, रंग उडायचा, पण आतली दुमड नवीच्या नवी. आन् दर साली नव्या झग्याला परत नवी दुमड घालायचो आमी.

पण पोरगी मुळूमुळू रडणाऱ्यातली न्हवं. बारावी झाली, आता बी.ए.ला हाय, हिंगोलीला बसनं जाऊन-येऊन करती. नवा कंडक्टर असला की इचारायचा, "बाळा, संग कोण हाय?" ही आधार कार्ड काढून म्हणायची, "पूर्ण तिकीट द्या, मी मोठी हाय." मग सरकारनं समद्याच बायांना अर्धं तिकीट केलं. आमाला वाटलं, चला, तंटा मिटला. कुठलं काय. एकानं काही न इचारता अर्धं तिकीट दिलं, तर ही म्हणती, "हे लेकराचं दिलं का बाईचं?" तो म्हणला, "ताई, पैसे तेवढेच की." ही म्हणली, "पैशाचं कोण बोलून राहिलं? बाईचं द्या." अख्खी बस हसली, पण त्यानं तिकीट बदलून दिलं.

तिला बघितलं की म्हाताऱ्या माणसांना एकच सुचतं, मूर्ती लहान पण कीर्ती महान. ही तोंडावर सांगती, "काका, मूर्ती तर रोजच बघता, कधी कीर्तीकडंबी बघा." मला तिचा हा फटकळपणा लई आवडतो. माझ्यावरच गेलीय म्हणा ना, पोटची नसली म्हणून काय झालं.

ल्हानपणापासून शाळा सुटली की ती आमच्या दुकानात. मी तुरपाई करायची आन् ती म्हणायची, मामी, गोष्ट सांगा. मी म्हणायची, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. तर ही ह्यांच्याकडं बोट दाखवून म्हणायची, "माझे मामा तर हितंच बसलेत. मशिनीवरून उठून चुकणार कुठं?" मग सांगावीच लागायची.

गोष्ट माझ्या मायची व्हती. एक राजाची पोर. दारात जोगी आला, पाणी मागितलं. पोर खेळात दंग, म्हणली, थांब जरा. जोग्याला आला राग. म्हणला, मला थांब म्हणतीस, मग तूच थांब. झालं, पोर हाय तेवढीच राहिली. बारा वर्षं गेली. मग एक राजपुत्र आला, त्यानं त्याच जोग्याला पोटभर पाणी पाजलं, जोगी खूश झाला, शाप सुटला, पोर एका दमात ताडमाड वाढली आन् तिचं लग्न लागलं.

कोमलनं पहिल्यांदा ऐकली तवाच इचारलं, "मामी, बारा वर्षं ती काय करत व्हती?"

"काय करणार? खेळत व्हती."

"बारा वर्षं लगोरीच? तिला कंटाळा आला न्हाई का? डोकंबी तेवढंच राहिलं का तिचं?"

मी म्हणलं, गोष्टीत तसं काही न्हाई. तर म्हणती, "मग गोष्ट चुकीची हाय." माझ्या मायची गोष्ट चुकीची म्हणती कार्टी. मी दोन दिवस तिच्याशी बोलले न्हाई, तिसऱ्या दिवशी तीच हरभऱ्याचे डहाळे घेऊन आली आन् मी गपगुमान खाल्ले.

पुढं तिनं गल्लीतल्या लेकरांची शिकवणी सुरू केली, मारुतीच्या पारावर. तिथं ती हीच गोष्ट सांगायची, पण तिची राजाची पोर नुसती लगोरी खेळायची न्हाई. कधी ती वाचायला शिकायची, कधी दरबारातलं भांडण मिटवायची, कधी शेजारच्या राजाला बुद्धिबळात हरवायची. रोज गोष्टीत काय झालं ते लेकरं घरी सांगायची, आन् घरून ते शाळेत सूर्यकांत सरांपर्यंत गेलं.

सूर्यकांत सर हे आमच्या गावच्या शाळेतले मराठीचे. राहायला हिंगोलीला. माणूस सोन्यासारखा, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. त्यांनी त्या गोष्टीचं नाटक लिहिलं, जानेवारीतल्या गॅदरिंगसाठी. शापातल्या राजकन्येची भाषणं लांब, ती काही चौथीच्या पोरीला पाठ होईनात. तवा सरांना कोमल आठवली. पाठांतर मोठ्या माणसाचं आन् अंग ल्हान लेकराचं, अशी दुसरी कोण भेटणार. कोमल शाळेची जुनीच पोरगी, ती खुशीनं हो म्हणली. नाटकाचा शेवट स्टेजवर कसा दाखवणार हे तिला कुणी सांगितलं न्हवतं.

ते कळलं आमच्या दुकानात. सर कापड घेऊन आले, संग त्यांची दहावीतली लेक देवश्री. पोरगी चांगली उंच, सरांच्या डोक्याला डोकं लागंल एवढी. कोमलबी तिथंच व्हती. सरांनी एक छोटं कापड दिलं, कोमलच्या परकर-पोलक्याला, आन् एक जांभळी काठाची साडी दिली, देवश्रीला नऊवारी शिवायला. म्हणले, शाप सुटला की धूर सोडायचा, आणि धुरातून ही मोठी राजकन्या येणार.

आमच्या ह्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हंजे प्रश्न तसाच मोठा असला पाहिजे. म्हणले, "सर, शापात अंग वाढतं का न्हाई? बारा वर्षं एकच परकर म्हणलं तर फाटून जाईल. ठिगळ दाखवायचं का?"

झालं, सुरू झालं. मी म्हणलं, माझ्या मायच्या गोष्टीत कपड्यांनाबी शाप लागला व्हता. हे मी तिथल्या तिथं ठोकून दिलं. देवश्री म्हणली, तिनं मोबाईलवर एक बघितली, त्यात राजकन्या शंभर वर्षं झोपते आणि उठते तेव्हा जशीच्या तशी, झोपेतलं वय धरतच नाहीत. ह्यांना ते काही पटलं न्हाई. म्हणले, झोपंतबी नखं वाढतात की. सर हसून म्हणले, "सटवाजी, नाटकात एवढा विचार नसतो हो. धूर सोडला की झालं."

कोमल इतका वेळ गप्प व्हती. ती गप्प असली की मला भ्या वाटतं.

"सर," तिनं इचारलं, "धूर सोडल्यावर मी कुठं असणार?"

"तू पडद्यामागे. तुझं काम तिथे संपलं."

"म्हंजे शाप सुटला की मी न्हाईच."

सर जरा गडबडले. "तसं नाही गं. पण लोकांना कळायला नको का, ती मोठी झाली ते?"

"देवश्री सोळाची हाय सर. मी एकोणीसची."

सरांनी घड्याळ बघितलं. साडी आन् कापड टेबलावर ठेवून निघून गेले. कोमल त्या जांभळ्या साडीवर हात फिरवत बसली, मग मला म्हणली, "मामी, मला शेवटपर्यंत स्टेजवर राहायचं हाय. बाकी मला काही नको." आन् बस पकडायला गेली. पण साडी सरांची, नाटक सरांचं, आमी आपले शिवणारी माणसं.

दोन-चार दिवसांनी ती परकर-पोलकं अंगावर घालून बघायला आली. आतल्या पडद्यामागून बाहेर आली ती परकराचा घेर उलटा करूनच. आमच्या ह्यांनी सवयीनं आत तीन दुमडी घातलेल्या. नाटकाच्या कपड्याला, एका दिवसाच्या कपड्याला दुमड. जगातला कोणता टेलर करंल सांगा.

"मामा, हे काय हाय?"

"दुमड."

"कशासाठी?"

"वाढत्या..." म्हणले आन् थांबले.

कोमल स्टुलावर बसली. आवाज चढला न्हाई तिचा, रडली न्हाई. म्हणली, "मामा, मी वाढायची ती वाढून झाले. हे माझ्या आप्पांना कळत न्हाई, तुमाला तर कळायला पाहिजे. आन् पोलकं काखंत रुततंय. दर साली रुततं. मी बोलत न्हाई."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या दुकानात बायांचं माप मी घेते, आन् लेकरांचं हे घेतात. लेकरांचं तरी कुठं घेतात, नजरंनंच कळतं त्यांना. कोमल चौथीत असताना एकदा टेप लावला असंल, त्यानंतर कधीच न्हाई. उंची तेवढीच, मग माप कशाला घ्यायचं. कोमलचं माप मला पाठ हाय, असं हे कौतुकानं सांगायचे. आन् त्या पाठ मापात पोरीला एवढी वर्षं कोंबत राहिले.

हे उठले. गळ्यातला टेप काढला. मला वाटलं आता घेतात माप. तर त्यांनी टेप माझ्या हातात दिला आन् म्हणले, "बाईमाणसाचं माप हाय. तू घे."

आन् स्वतः दुकानाच्या बाहेर जाऊन उभे राहिले, जसे दुसऱ्या बायांच्या वेळी राहतात तसे. कोमल माझ्याकडं बघून राहिली आन् मी तिच्याकडं. बत्तीस वर्षांच्या संसारात मला ह्या माणसाचा एवढा अभिमान कधी वाटला न्हवता, आन् ते मी त्यांना अजून सांगितलेलं न्हाई, डोक्यावर मिरे वाटतील.

मी पडद्याआड तिचं माप घेतलं. उंची तीच. पण खांदा, छाती, कंबर, काखंचा मुंढा, समदं निराळं. चांगली भरलेली बाई उभी व्हती माझ्या पुढं. मी म्हणलं, "अगं कोमल, तू तर वाढलीस की गं." ती म्हणली, "कधीचीच, मामी."

मी आकडे बाहेर ओरडून सांगत गेले आन् हे टेबलावर खडूनं लिहीत गेले. मग बघते तर काय, ह्यांनी जांभळी साडी पसरली. तिच्यावर देवश्रीच्या मापाच्या खुणा केलेल्या, त्या हातानं पुसून टाकल्या. मी म्हणलं, "अवं, सरांना तर इचारा." तोंडात टाचण्या. मी म्हणलं, "सर ओरडतील." तोंडात टाचण्या. कैची चालली. एकदा कैची चालली की मग देवाचंबी काही चालत न्हाई. ती नऊवारी शिवून झाली तवा देवश्रीच्या पोटऱ्याबी झाकल्या नसत्या.

सर आले, त्यांनी शिवलेलं हातात धरलं, आन् मटकन स्टुलावर बसले.

"सटवाजी, ही साडी देवश्रीच्या आईची, सुनीतीची होती हो. तिला विचारून आणलेली नाही."

"माप बराबर हाय सर," एवढंच बोलले आमचे हे. मी च्या मागवला. दुसरं काय करणार.

कोमल तिथंच व्हती, देवश्रीबी. कोमल म्हणली, "सर, शेवटचा प्रवेश मला करू द्या."

सरांनी चष्मा काढला. "कोमल, लोक हसतील. तुला लोकांसमोर उभं करायचं आणि त्यांनी हसायचं, हे मला नाही बघवणार."

"लोक मला रोजच हसतात सर. त्याला स्टेज लागत न्हाई."

"अगं पण शाप सुटला हे दाखवायचं कसं? उंची तर तेवढीच."

"शाप तिला लागलाच न्हवता," कोमल म्हणली. "बघणाऱ्यांच्या डोळ्यांना लागला व्हता. ती वाढत व्हती, त्यांना दिसत न्हवतं."

सरांच्या च्यावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला न्हाई. मी म्हणलं मनात, माय माझे, तुझी गोष्ट चुकीचीच व्हती बघ. शेवटी देवश्री म्हणली, "बाबा, मग मी राजपुत्र होते. ते काम दिलेला नववीतला मुलगा लाजून घरी बसलाय, मिशी तशीच पडून आहे. मला ती मिशी पहिल्या दिवसापासून लावायची होती."

सर लेकीकडं बघत राहिले, मग हसायलाच लागले. म्हणले, "ठीक आहे. पण आईला साडीचं तू सांगायचंस."

गॅदरिंगच्या दिवशी उन्हं कलली तशी शाळेचं मैदान भरलं. बायांच्या हातात अजून संक्रांतीच्या नव्या बांगड्या, लेकरांच्या खिशात तिळाच्या रेवड्या. उकंडराव सगळ्यात पुढं बसलेला, धुतलेलं धोतर, नवी टोपी. मला म्हणला, "चतुरावहिनी, बाळीचं काम केवढं हाय?" म्हणलं, "बघा की." मी त्याला काही सांगितलं न्हाई. माझं मलाच नवल वाटलं.

पहिला भाग झक्कास झाला. कोमल परकर-पोलक्यात लगोरी खेळली, जोग्याला थांब म्हणली, शाप लागला. बारा वर्षं दाखवायला तिनं बुद्धिबळातला राजा हरवला, दरबाराला अक्कल शिकवली, आन् दर बारीला दरबारी तिच्या डोक्यावर हात फिरवून म्हणायचे, वा, एवढंसं लेकरू. लोक पोट धरून हसत व्हते. मग देवश्री मिशी लावून आली, जोग्याला पाणी पाजलं. उदाचा धूर सुटला.

धूर निवळला. कोमल उभी व्हती. जांभळी नऊवारी, नाकात नथ, केसांचा खोपा, खांद्यावरून पदर. कुठं आवळलेलं न्हाई, कुठं लोंबत न्हाई. मी कपडे बघत जन्म घालवला, मला कळतं, एवढं बराबर बसलेलं मी बघितलं न्हाई. आन् उंची तेवढीच.

मग मागून, जिथं पोरं मोटारसायकलींवर बसली व्हती तिथून एकाचा आवाज आला, "अरे, शाप सुटलाच न्हाई की."

हसू फुटलं. मागून पुढं येत गेलं. पडद्याच्या कडंला सूर्यकांत सर दिसत व्हते, त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या ह्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. देवश्रीला पुढचं वाक्य म्हणायचं व्हतं, ती म्हणली न्हाई, कोमलकडं बघत राहिली.

कोमलनं हसू चालू दिलं. मग दोन पावलं पुढं आली, निऱ्या सावरल्या आन् आवाज आला व्हता तिकडं सरळ बघून म्हणली, "माझा सुटला. तुमचा न्हाई सुटला अजून. बघा की नीट."

हे काही सरांनी लिहिलेलं न्हवतं. हसू तिथंच थांबलं. मागं एक मोटारसायकल चालू व्हती, तीबी कुणीतरी बंद केली. सगळे बघत व्हते, खरंच नीट बघत व्हते.

आन् तवा पुढून उकंडराव उठला. मला वाटलं, आता हा बाप स्टेजवर चढतो आन् लेकीला उचलून घरी नेतो. तो उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"माझा सुटला, बाई," तो म्हणला.

जल्मात पहिल्यांदा त्यानं तिला बाई म्हणलं. माझे डोळे भरून आले, बाजूच्या बायांचेबी आले, आन् टाळ्या सुरू झाल्या त्या थांबंनात. उकंडराव तसाच उभा, टोपी हातात, खाली बसायचं विसरून गेलेला.

कोमलनं डोळ्यांवरून पदर फिरवला, बापाकडं बघितलं आन् समद्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणली, "बसा आप्पा. अजून माझं काम बाकी हाय."